निळ्या पट्ट्यांची मावशी

मावशीला एक नाव होतं, पण ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. डेअरीतल्या धारा काढणाऱ्यांपासून खुद्द मालकांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत, आणि वासरांना बोलता येत असतं तर त्यांनीही दुसरं काही म्हटलं नसतं. मोठ्या गोठ्याच्या मागे, उतरत्या पत्र्याखाली वासरांचा गोठा होता, आणि तिथे मावशीचं राज्य होतं. वासरू जन्मलं, चीक प्यायलं, की ते तिच्या स्वाधीन व्हायचं. दूध तुटून चाऱ्याला तोंड लावीपर्यंत ते मावशीचं. त्या काळात मालकांकडे वासराची फक्त मालकी असे, हक्क नसे.

बाई अंगाने काटक, पण आवाज दणदणीत. पायात एक माप मोठे गमबूट, आणि अंगावरच्या प्रत्येक कपड्याची एक तरी बाजू चघळलेली. वासरांच्या कानात नंबराचे बिल्ले होते, पण मावशीने ते कधी वाचले नाहीत. सगळ्यांच्या बादलीत नाक घालून येणारा तो पोस्टमन. कुणीही आत आलं की आधी त्याचा कपडा तपासणारा तो इन्स्पेक्टर. पोट भरलेलं असतानाही हंबरणारी ती रडूबाई. मालक आपले बिल्ल्यावरचा नंबर सांगून चौकशी करत आणि मावशी "हां, म्हणजे रडूबाई" असं म्हणून त्यांची चूक सुधारत असे.

मावशीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. "माझ्या हातून पंक्तिप्रपंच व्हायचा नाही," हे वाक्य ती इतक्यांदा म्हणे की तिने सुरुवात केली की धारा काढणारे ते पूर्ण करत. ताटात वाढायचं तर सगळ्यांना सारखं, बादलीत ओतायचं तर सगळ्यांना सारखं. पुरावा म्हणून ती आपल्या घराकडे बोट दाखवी. तिची धाकटी बहीण गेली तेव्हा बहिणीची एवढीशी मुलगी तिच्या घरी आली. तिला सगळे चिंगी म्हणत. मावशीचा स्वतःचा मुलगा तेव्हा शाळेत जाऊ लागला होता. "दोघांना एका मापाने वाढवलं. एक घास इकडे नाही की तिकडे नाही," हे मावशी ओळखीच्या माणसाला सांगे, आणि ओळख नसली तर ओळख करून घेऊन सांगे. ऐकणारे कौतुकाने म्हणत, माय मरो पण मावशी जगो. चिंगी जवळपास असली की मात्र म्हणीचा पहिला भाग गिळून नुसतंच "मावशी जगो" म्हणत, जणू मावशी निवडणुकीला उभी आहे.

पुढे मुलगा त्याच डेअरीच्या दुधाचा टँकर चालवायला लागला आणि चिंगी जनावरांची डॉक्टर झाली. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण तिला आणखी मोठी पदवी हवी होती, आणि त्या पदवीसाठी एक प्रयोग करून दाखवायचा होता. प्रयोगाला लहान वासरं हवी होती. वासरं म्हटल्यावर तिला दुसरं कोण आठवणार?

एका सकाळी ती पांढरा डबा आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन गोठ्यात हजर झाली.

"हे काय?" मावशीने डबा हुंगला.

"अमिनो आम्लं. लायसिन आणि मिथिओनिन."

"वासरांना ॲसिड पाजणार?"

"तसलं नाही गं." चिंगी पालथ्या बादलीवर बसली. मावशीला काही समजावायचं तर बसूनच समजवावं लागतं, हे ती लहानपणापासून जाणून होती. "हे बघ. आपण वासरांना गाईचं दूध देत नाही, भुकटीचं देतो. ही भुकटी स्वस्तातली आहे, तिच्यात सोयाबीनचं प्रथिन घातलेलं असतं. वासराचं अंग वाढायला जी प्रथिनं लागतात ती वेगवेगळ्या अमिनो आम्लांची बनतात. शर्ट शिवायचा म्हण. कापड आहे, दोरा आहे, बाह्या आहेत, पण बटणं दोनच. मग बाकीचं कापड कितीही असलं तरी काय उपयोग? ही दोन आम्लं म्हणजे बटणं. भुकटीत तीच कमी पडतात. ती वरून घातली तर वासरं जास्त चांगली वाढतात का, ते बघायचंय."

मावशीला हे एकदम पटलं. "मग घाल की सगळ्यांना. डबा मोठा आहे."

"सगळ्यांना नाही घालायची. आठ जणांना लाल पट्टा, त्यांना रोज चमचाभर पावडर. आठ जणांना निळा पट्टा, त्यांना नाही."

"का? निळ्यांनी काय घोडं मारलंय?"

"काही नाही मारलं. पण कुणालाच दिली नाही किंवा सगळ्यांनाच दिली, तर फरक कसा कळणार?"

"म्हणजे आठ जणांनी शर्टाला बटणं लावून फिरायचं आणि आठ जणांनी उघड्या छातीने." मावशीने पोस्टमनकडे बघितलं. चिंगी नेमका त्याच्या गळ्यात निळा पट्टा अडकवत होती आणि तो बिचारा खूश होऊन पट्ट्याचं टोक चाटत होता. "माझ्या हातून पंक्ति..."

"मावशी." चिंगीने तिचे दोन्ही हात धरले. "या प्रयोगावर माझी पदवी आहे. नीट झाला तर यंदा सुटले. बिघडला तर आमचे सर दुसरी संधी देतीलच असं नाही, ते फार कडक आहेत. मला कॉलेजात राहावं लागतं, मी फक्त आठवड्याला वजनं करायला येणार. रोजचं सगळं तुझ्या हातात. निळ्यांना या पावडरचा कणही जाता कामा नये. बाकी सगळं दोघांना सारखं. शपथ घे."

मावशीने शपथ घेतली. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी, तिने ती शेवटपर्यंत पाळली. पावडरचा एक कणही निळ्यांच्या पोटात गेला नाही.

बाकीचं काय काय गेलं, तो मात्र वेगळा विषय.

पहिल्याच दिवशी दूध कालवून मावशी बादल्या घेऊन आली, लालांच्या बादल्यांत चमचा चमचा पावडर टाकली आणि तिचा जीव कळवळला. निळी आठ वासरं कठड्यातून माना काढून बघत होती. त्यांना पावडरशी काही देणंघेणं नव्हतं, ती दुधाकडे बघत होती, पण मावशीला ते कोण सांगणार? तिला त्यांच्या डोळ्यांत सरळ सरळ प्रश्न दिसला. मग तिने एवढंच केलं की आधी निळ्यांच्या बादल्या लावल्या. मिळत नाही काही, तर निदान पहिला मान तरी मिळू दे. निळ्यांचं पिऊन होईपर्यंत लालांचं दूध कोमट होतं ते गार झालं, पण त्यात पावडर होती ना? पावडर बघून घेईल.

"पावडर बघून घेईल" हा मावशीचा नवा मंत्र झाला. ओल्या भुशावर कोण झोपणार, तर लाल, कारण त्यांना पावडर आहे. कोरडा भुसा निळ्यांना. सकाळचं ऊन आत येतं ती बाजू निळ्यांची. उरलेलं दूध बादलीच्या तळाला राही, ते बोटाने चाटवायचं ते निळ्यांना. नव्या चाऱ्याचे कोवळे शेंडे निळ्यांना. रडूबाई पिता पिता थांबली तर मावशी तिच्या शेजारी उकिडवी बसून, गळा खाजवून, "पी गं माझी बाई, तुझ्या नशिबी नुसतंच दूध आहे," असं म्हणत बादली रिकामी करवून घेई. इन्स्पेक्टरच्या गळ्यात लाल पट्टा होता. त्याने बादली अर्धी टाकली तर मावशी म्हणे, "नको तर राहू दे, औषधपाणी चालूच आहे तुझं." आणि पुढे जाई. एका निळ्याला जरा पातळ व्हायला लागलं तर मावशीने त्याला दिवसभर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पोटावर स्वतःची शाल टाकली. लालातल्या एकाला तसंच झालं तेही तिच्या लक्षात आलं, अगदी आलं, पण जरा उशिरा.

हे सगळं करताना आपण काही वेगळं करतोय असं मावशीच्या मनातही आलं नाही. उलट तिला वाटे, आता कुठे सारखं होतंय.

चिंगी पहिल्यांदा वजनं करायला आली तेव्हा दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. दुसऱ्या खेपेला निळे थोडे पुढे गेले होते. तिने काटा झटकला, स्वतः त्याच्यावर उभी राहिली, मग मावशीला उभं केलं. काटा बरोबर होता. तिसऱ्या खेपेला निळे इतके पुढे गेले की नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. पोस्टमन तर काट्यावर चढवताना दोघींना आवरेना.

"बघ, बघ कसा झालाय," मावशी त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "पावडर नाही, काही नाही, नुसत्या दुधावर. आहे की नाही गुणाचा?"

चिंगीने वहीत वजन लिहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिने डब्यातली पावडर तपासायला पाठवली, ती चोख निघाली. भुकटीची पोती तपासली, ती एकाच खेपेची होती. चमच्याचं माप तपासलं. मग ती जेवायला घरी आली आणि ताटात बोट फिरवत बसली. मुलगाही टँकर रिकामा करून आला होता. त्याने पोरीचा चेहरा बघितला आणि तो जेवायला बसला.

"सर परवा स्वतः येतायत," चिंगी म्हणाली. "ते म्हणाले, वासरांना चांगलं खायला घालून ती खराब होतात असं जगात पहिल्यांदा तूच सिद्ध करतेयस. परवा त्यांना कारण सापडलं नाही तर प्रयोग बंद. म्हणजे माझंही बंद." मग तिने मान वर केली. "मावशी, बाकी सगळं सारखं आहे ना? निळ्यांना जे मिळतं ते लालांनाही मिळतं ना?"

"अगदी सारखं," मावशी म्हणाली. गेली कित्येक वर्षं हे उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं, ते विचार करायच्या आत बाहेर पडलं. आणि बाहेर पडल्यावर तिला ऊन आठवलं. मग भुसा आठवला. मग शाल. एकेक गोष्ट आठवत गेली तसतशी ती भाकरीचे तुकडे करत राहिली. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, म्हणतात ते हेच. पोरीची पदवी आपल्याच हाताने बुडत होती, आणि तीही चांगुलपणाने, म्हणजे कुणाला दोष द्यायचीही सोय नाही.

सांगून टाकावं की नाही? सांगितलं तर आयुष्यभराचं ते पंक्तीचं वाक्य गिळावं लागणार. न सांगितलं तर पोरीचं वर्ष. कोणत्याही शहाण्या माणसाने सांगून टाकलं असतं. मावशीने तिसरा रस्ता काढला. तिने ठरवलं, उद्यापासून एकदम काटेकोर. लालांना आधी, लालांना ऊन, लालांना कोवळे शेंडे, आणि निळ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. दोन दिवसांत सगळं फिटेल. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा हा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी निळ्यांनी गळे पुढे केले आणि तिने बेत आणखी एक दिवस पुढे ढकलला. परवाच्या दिवशी सर आले. उंच, किडकिडीत, चष्मा पुसत बोलायची सवय. सोबत मालक होते, कारण कडक माणूस आला की मालकांना यजमानपण सुचे. मुलगा टँकर भरायला आलेला, तोही नळी जोडून दारात येऊन उभा राहिला. सरांनी वजनं बघितली, डबा बघितला, आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही रोज दूध पाजता तसं पाजा. आम्ही इथे नाही असं समजा."

मावशी बादल्या घेऊन आत शिरली आणि सरळ लालांकडे वळली. निदान तिचा बेत तसा होता.

पण वासरांना कुणी बेत कळवला नव्हता. ती आत येताच आठही निळी वासरं उड्या मारत कठड्याशी आली आणि त्यांनी एकाच वेळी माना वर करून गळे पुढे केले. सगळ्यांनी. खाजवायला. लाल आपापल्या जागी निवांत पडून राहिली, कारण आपला नंबर यायला अवकाश आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मावशीने इन्स्पेक्टरपुढे बादली धरली तर तो दचकून दोन पावलं मागे सरला. त्याच्या छोट्या आयुष्यात दूध कधी इतकं गरम आलं नव्हतं. तिकडे निळ्यांनी हा अन्याय बघितला आणि रडूबाईने जो सूर लावला तो मोठ्या गोठ्यापर्यंत गेला. बाकीचे सात जण तिला येऊन मिळाले. पोस्टमनने कठड्यातून मान लांबवून मावशीची बाही धरली आणि तिला आपल्या बाजूला ओढायला लागला, नेहमीप्रमाणे.

"सोड रे, सोड, लोक बघतायत," मावशी पुटपुटली.

सरांनी चष्मा पुसला. "मावशी, ही सगळी गळे का पुढे करतायत?"

"कुणास ठाऊक. जनावरं आहेत."

"लाल का करत नाहीत?"

मावशी बादली ढवळायला लागली. सरांनी लालांच्या भुशावर हात ठेवला, मग निळ्यांच्या. मग उन्हाचा कवडसा कुठे पडतो ते बघितलं. मग कोपऱ्यात, एका निळ्याच्या अंगावर मावशीची शाल होती, ती त्यांनी दोन बोटांनी उचलली. मावशी सकाळी सगळं आवरताना शाल विसरली होती. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. तिने बादली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या मानापासून कोवळ्या शेंड्यांपर्यंत, मीठ-साखरेच्या पाण्यासकट. मालक आधी हसले, मग सरांचा चेहरा बघून थांबले.

"पावडर काय करते ते आपल्याला कळलंच नाही," सर शेवटी म्हणाले. "तुमचा हात काय करतो ते मात्र चांगलंच कळलं. गरम दूध, कोरडी जागा, वेळेवर लक्ष. एवढ्याने वासरं कुठल्या कुठे गेली." ते चिंगीकडे वळले. "प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल. एकदा करू देतो, एकदाच. पण या गोठ्यात माणूस दुसरा हवा."

"त्यात काय," मालक म्हणाले. "मावशी, उद्यापासून तुम्ही मोठ्या गोठ्यात. दूध काढायच्या मशीनवर."

मावशीने कठडा धरला. मोठ्या गाई तिला आवडत नसत. त्यांना कशाचंच काही वाटत नाही असं तिचं मत होतं. पण ती म्हणाली, "पाठवा मशीनवर. पोरीचं वर्ष जायला नको." आणि मग, राहवेना म्हणून, "पण साहेब, हे पहिल्यांदाच झालं हो. मी असा भेद कधी करत नाही. घरी विचारा. माझा मुलगा आणि ही चिंगी, दोघांना एका मापाने वाढवलंय. एक घास इकडे नाही की तिकडे नाही."

दारात उभा असलेला मुलगा खोकला. "आई," तो म्हणाला, "दुधावरची साय कुणाला मिळायची?"

"दोघांना."

"मला आठवत नाही."

"तुझ्या तब्येतीला सोसायची नाही."

"आणि अंथरुणात तुझ्याजवळ कोण झोपायचं? आणि शाळेत सोडायला तू कुणाबरोबर जायचीस?"

मदतीसाठी मावशीने चिंगीकडे बघितलं. चिंगी हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सर, मला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं," चिंगी म्हणाली. "आमच्या घरातला निळा पट्टा मीच होते."

मग तिने डोळे पुसले आणि ती डॉक्टरसारखी बोलायला लागली. "माणूस नको बदलायला. हिच्या हातून एक वासरू दगावत नाही, दुसरा माणूस आणला तर प्रयोगाला वासरंच उरायची नाहीत. हिला काय माहीत आहे, तेवढं बदलू. दोन डबे करू, दिसायला एकसारखे. एकात पावडर, एकात नुसती तशीच दिसणारी भुकटी. कुठल्यात काय, ते तुम्हीच ठरवायचं. हिला सांगायचं नाही. आणि मलाही नाही. मला माहीत असलं तर ही माझ्या तोंडावरून ओळखेल."

सरांनी पुन्हा चष्मा पुसला. त्यांच्या पायाशी इन्स्पेक्टर त्यांच्या कोटाची तपासणी करत होता, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. "चालेल," ते म्हणाले.

अशा रीतीने नवी वासरं आली, नवे पट्टे आले, आणि क डबा व ख डबा असे दोन डबे आले. मावशीने पहिल्याच दिवशी दोन्हींतली चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली. दोन्ही सारखीच बेचव. मग ती वासरांचे चेहरे वाचायला लागली. एका आठवड्यात तिची खात्री पटली की क वाल्यांवर अन्याय होतोय, म्हणून तिने क वाल्यांना मायेने जवळ घेतलं. पुढच्या आठवड्यात ख वाल्यांच्या डोळ्यांतलं दुःख तिला स्पष्ट दिसलं. तिसऱ्या आठवड्यात तिला वाटलं, सरांचा काय भरवसा, कदाचित कुणालाच देत नसतील. त्या दिवसापासून तिने सगळ्याच वासरांना निळं ठरवून टाकलं. आधी कुणाला पाजायचं ते सरांच्या हुकमाने रोज बदलत होतं, भुसा सगळीकडे कोरडा, आणि गळे सगळ्यांचे खाजवून होत. त्यात तिची निम्मी सकाळ जायची.

पण घरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लालांच्या बरगड्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. वासरांचं ठीक आहे, त्यांना नवा भुसा टाकता येतो. पण एक लाल पट्टा तिने स्वतःच्या घरात वाढवला होता, आणि तो आता मिशा फुटलेला, टँकर चालवणारा माणूस होता. त्याला कुठून भरून द्यायचं? मग तिने जमेल तिथून सुरुवात केली. साय त्याच्या ताटात. भाजीची पहिली पळी त्याच्या ताटात. तो झोपला की त्याच्या अंगावर दुसरं पांघरूण, भर उकाड्यात. तो टँकर घेऊन निघाला की ही फाटकापर्यंत सोडायला. धारा काढणारे बघून हसत आणि तो बिचारा मान खाली घालून गिअर टाके.

शेवटची वजनं झाली त्या दिवशी चिंगी सरांना फोन करून आली ती धावतच. पावडर ख डब्यात होती. ख वाले पुढे होते, फार नाही, पण सरांचं समाधान होण्याइतके. "आणि सर म्हणाले, यातली मागे राहिलेलीसुद्धा त्यांच्या कॉलेजातल्या वासरांपेक्षा जड आहेत. ते काही माझ्या प्रबंधात येणार नाही, पण तुला सांगायला सांगितलंय."

"म्हणजे झालीस तू?" मावशीने विचारलं.

"झाले मी."

मावशीने तिला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही. मग पदराने नाक पुसून ती तडक क वाल्यांची माफी मागायला निघाली, तिला चिंगीने दंडाला धरून घरी आणलं.

जेवायला तिघं एकत्र बसली. मावशीने साय वाटीत काढली आणि सवयीने मुलाच्या ताटाकडे वळली. त्याने ताटावर हात आडवा धरला.

"आई, आता पुरे. मला खरंच साय सोसत नाही."

"माझ्यावर रागावलायस."

"नाही गं."

"रागवायला हवंस. मी तुला गार दूध पाजलं." मावशीचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तुझ्या वाटचं सगळं हिला दिलं, आणि जगाला सांगत फिरले की दोघांना सारखं दिलं. मला दिसलंच नाही रे."

मुलाने वाटी आईच्या हातून घेतली आणि नेहमी जायची तिथे, चिंगीच्या ताटात, पालथी केली.

"मला माहीत होतं, आई. लहान होतो तेव्हासुद्धा," तो म्हणाला. "पण मला कधी कमी नाही वाटलं. तिची आई गेली होती. माझी होती."

मावशीने घाईघाईने भाजीचं भांडं ओढलं, कारण डोळे भरले की तिला काहीतरी वाढावंच लागे, आणि त्या दिवशी कुणाच्या ताटात किती पडतंय ते तिने बघितलं नाही.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "इतके दिवस मी फाटकापर्यंत चालतेय."